केस पेपरवर ‘शेती’ लिहिलं होतं

सर्जनांच्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. ‘डाव्या पायाची जखम, चार महिने, भरत नाही. अंगठा काढायचा निर्णय घेण्याआधी एकदा बघा.’

‘बघा’ म्हणजे नक्की काय बघायचं, हे चिठ्ठीवर कधीच नसतं. ते ठरवायचा पगार मला मिळतो. कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मी मधुमेही पाय आणि जुनाट जखमा यांसाठी क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट आहे. आधी नऊ वर्षं वॉर्डातल्या पाळ्या, मग मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये एम.एस्सी. अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलाऊंनी १९५४ मध्ये रटगर्सला मनोरुग्ण-शुश्रूषेतून या कामाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. आपल्याकडे आजही या नावाची वेगळी नोंदणी नाही. नातेवाईक विचारतात, “तुम्ही डॉक्टर का सिस्टर?” मी सिस्टर म्हणते. एकाच पायाशी तासभर बसायची मुभा असलेली सिस्टर, एवढाच फरक.

ज्यांच्यासाठी चिठ्ठी आली ते आबा. ओळख पटू नये म्हणून गाव आणि किरकोळ तपशील बदलले आहेत. वय ६२, गाव भोगावतीकाठी, मधुमेह १४ वर्षांचा, दोन प्रकारच्या गोळ्या चालू. तंबाखू चार वर्षांपूर्वी सोडलेली. केस पेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’.

जखम चवड्याखाली होती, अंगठ्याच्या बुडाशी. भोवती पांढरट, जाड घट्ट्याचं कडं. वास नाही, लाली नाही, दाबल्यावर पू नाही. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट काढला. हा नायलॉनचा ताठ धागा असतो, वाकेपर्यंत टेकवला की त्वचेवर ठरावीकच दाब पडतो. आबांना म्हटलं, “डोळे मिटा आणि लागलं की ‘व्हय’ म्हणा.” आबा तालात ‘व्हय’ म्हणू लागले. मध्येच मी हात थांबवला, धागा कुठंच टेकवला नाही, तरी ‘व्हय’ आलंच. आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात बिचारे. पुन्हा नीट समजावून तपासलं तेव्हा दहापैकी दोनच ठिकाणी कळत होतं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर टेकवला तर त्याची थरथर अजिबात जाणवली नाही.

मग रक्तपुरवठा. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर आलं १.४१. नवी सिस्टर इथं चुकते. ०.९च्या खाली गेलं की अडथळा, हे तिला पाठ असतं, म्हणून १.४ बघून ती खूश होते. पण मधुमेहात वाहिनीची भिंत कॅल्शियमने कडक होते, पट्टा तिला दाबूच शकत नाही आणि आकडा फुगतो. अंगठ्यातल्या बारीक वाहिन्यांचं तसं सहसा होत नाही, म्हणून तिथला दाब घेतला. तो ७४ आला. डॉप्लर यंत्रावर ऐकू येणारा रक्तप्रवाहाचा आवाजही तीन टप्प्यांचा, स्वच्छ. म्हणजे रक्त पोचत होतं. जखमेत निर्जंतुक प्रोब, म्हणजे बोथट सळई, घालून पाहिला, हाडाचा टणकपणा लागला नाही. एक्स-रे चांगला होता, पण हाडात जंतू शिरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे चांगलाच दिसू शकतो, म्हणून तीन आठवड्यांनी परत काढला. तोही चांगला. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, १०.४, म्हणजे बरीच जास्त.

रक्त आहे, हाड शाबूत आहे, जंतुसंसर्ग नाही, तरी चार महिने जखम उघडी. अशा वेळी संशय दाबावर जातो. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करताना दाखवून दिलं, की बोटं रोगाने झडत नाहीत. दुखणं कळत नसल्यामुळं रोजच्या कामात ती भाजतात, चेमटतात, झिजतात. मधुमेहात बधिर झालेल्या पायाचं हेच होतं. तुम्ही-आम्ही चप्पल चावली की लंगडतो. आबा लंगडतच नव्हते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दिवाळी पाडव्याचे गुळाचे सौदे नुकतेच झाले होते तेव्हा, आम्ही उपचार ठरवले. इन्सुलिन फिजिशियननी सुरू केलं. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढायचा चालला होता, तो बंद केला. फेस बघून स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण नव्याने येणारी पेशीही त्यात मरते. सलाइनने धुवायचं आणि वर फोमचं ड्रेसिंग, एवढंच ठेवलं. जखमेतला मेलेला भाग सर्जननी काढला, कडेचा घट्टा मी तासला. तासल्यावर खरी जखम दिसली, ३.० गुणिले २.२ सेंटिमीटर. आबांच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, शेजारीच उभ्या होत्या.

“आता गं बया! बरी करायला आणलो आणि तुम्ही मोठी केलासा की!”

घट्ट्याखाली ती तेवढीच होती, झाकलेली होती, हे त्यांना फोटो दाखवून समजावलं. पटलं असं नाही, पण गप्प बसल्या.

दाब काढायला सगळ्यात चांगलं म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचं, तळव्याला सगळीकडून टेकणारं प्लास्टर. ते काढता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. आबांनी साफ नकार दिला. “प्लास्टर नको बघा ताई. माझं काम हाय.” मी शेत समजले. शेताला चार दिवस कोणी पाणी पाजेल, असंही म्हणाले. ते नुसते हसले. शेवटी एमसीआर नावाच्या मऊ, सच्छिद्र रबराचे, चवड्याखाली कोरून पोकळी केलेले सँडल दिले. हे मऊ रबरही कुष्ठसेवेतूनच आपल्याकडे आलंय. जुनं कापशी पायताण पिशवीत घालून काकींच्या हवाली केलं. दर सोमवारी आणि गुरुवारी ड्रेसिंगला यायचं ठरलं.

आबा एकही फेरी चुकले नाहीत. दर वेळी मी विचारायचे, “सँडल घालताय ना?” आणि दर वेळी उत्तर ‘व्हय’.

दोन आठवड्यांनी जखम २.७ गुणिले २.०. चार आठवड्यांनी २.६ गुणिले २.०. म्हणजे ६.६ चौरस सेंटिमीटरवरून ५.२. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर आहे तेच रेटायचं नाही, काय चुकतंय ते शोधायचं, असा आमच्याकडचा दंडक. इथं तर पाचवा हिस्साच कमी झाला होता. आणि त्या दिवशी फाइलीत मी लिहिलं : ‘सूचना पाळत नाहीत असा संशय.’

हे वाक्य लिहायला नको होतं. एकदा ते फाइलीत गेलं की पुढचा प्रत्येक माणूस पेशंटकडे त्याच नजरेनं बघतो. शिवाय पुरावा उलटा होता. सँडलची टाच झिजलेली, पट्ट्याला घामाचे डाग. वापरात नसलेलं पायताण असं दिसत नाही. जुन्या कागदांत आणखी एक गोष्ट होती : जखम जुलैत भातलावणीच्या चिखलात सुरू झाली, सप्टेंबरात बरीच लहान झाली आणि ऑक्टोबरात परत वाढली. पावसातल्या ओलीचं निमित्त असतं तर ऑक्टोबरात ती कमी व्हायला हवी होती. हे मी वाचलं होतं आणि पुढं गेले होते.

उलगडा झाला तो मुंग्यांमुळे. पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी ड्रेसिंग रूममधली ज्युनियर सिस्टर हसत सांगत आली, “मॅडम, आबांची शुगर इतकी वाढलीय की पट्टीलापण मुंग्या लागल्या.” उतरवलेलं बँडेज वेळेत पिवळ्या पिशवीत न टाकता ट्रेमध्ये राहिलं होतं, त्यावर ती रागावण्याच्या बेतात होती, पण तिचं तिलाच हसू येत होतं. मी ट्रेपाशी गेले. लाल मुंग्यांची रांग जखमेवरच्या फोमकडे जात नव्हती. ती बँडेजच्या बाहेरच्या घड्यांत, घोट्याच्या बाजूला होती. तिथं कापड कडक झालेलं. नखानं खरवडलं तर तपकिरी, चिकट. हातमोजा घालूनही ओळखू यावं असं.

आबा अजून बाहेर बाकावर होते.

“आबा, तुमचं काम म्हणजे काय काम?”

“म्हंजे? गुळव्या हाय की मी. बत्तीस वरसं झाली.”

“मग शेती?”

“शेती हाय वीस गुंठे. भावानं बघतोय.” थोडं थांबून म्हणाले, “कुणी इचारलंच न्हाई.”

गुळव्या म्हणजे पाक ओळखून गूळ उतरवणारा कारागीर. गुरुवारी दुपारी मी गुऱ्हाळावर गेले. रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंग्याचा पूल ओलांडून पुढं. रुग्णालयाच्या नियमांत घरभेट बसते, गुऱ्हाळभेट बसत नाही. मी ‘कामाच्या जागेची पाहणी’ असं लिहून टाकलं.

वास फर्लांगभर आधी आला. घाणा चालू होता, बाहेर चिपाडं वाळत पडलेली, आत काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उकळत होती. चुलवाणात चिपाड टाकणारा पोरगा घामानं निथळत होता. रसात भेंडीचं पाणी पडलं होतं आणि मळी वर येत होती. काहिलीच्या दारातच, ओळीनं, सगळ्यांची पायताणं. त्यात आबांचे एमसीआरचे सँडल, नीट जोडून ठेवलेले.

“गुळाजवळ पायताण चालत न्हाई, ताई,” आबा म्हणाले. ते इतकं साधं होतं की त्यावर काय बोलायचं हेच मला सुचेना. गुळात पायताणाची धूळ जाऊ नये हेही कारण, आणि गूळ म्हणजे लक्ष्मी हेही. आबांनी मला फसवलं नव्हतं. घरून गुऱ्हाळापर्यंत सँडल, गुऱ्हाळातून घरापर्यंत सँडल. मधले आठ-नऊ तास बँडेजवर एक धडपा गुंडाळून अनवाणी. आणि मी विचारत होते ‘घालताय ना’.

मी अर्धा तास नुसती त्यांचे पाय बघत उभी राहिले. पाक घट्ट होत आला की लांब दांड्यानं ढवळायला जोर लागतो. आबा डावा पाय पुढं टाकत, टाच उचलत, अख्खं वजन चवड्यावर घेत आणि ढवळताना त्याच चवड्यावर पीळ देत. नेमकं जखमेवर. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला आणि जखम परत का वाढली, त्याचं उत्तर हे होतं. जमीन चुलवाणाच्या बाजूला तापलेली. मी तळहात टेकवला आणि चटकन काढला. आबा त्याच जागेवर उभे होते, त्यांना काही कळत नव्हतं. फेस उतू गेला की शिंतोडे घोट्यावर. मुंग्यांचं कारण तेवढंच.

आणि गोळी. पाक झाला की नाही हे बघायला आबा थोडा पाक गार पाण्यात टाकत, बोटांत घेऊन गोळी वळते का पाहत आणि ती तोंडात टाकत. एका काहिलीला तीन-चारदा. दिवसाला चार काहिली. इन्सुलिनचा डोस दर आठवड्याला का वाढवावा लागतोय, तेही कळलं.

“आबा, ही तोंडात टाकायची गरज आहे का?”

“कळतंय बोटालाच. पण हात जातोय तोंडाकडं.”

अंगठा काढला तर जखम संपेल, काम तसंच राहील आणि पुढच्या हंगामात शेजारच्या बोटाखाली नवी जखम होईल, हे मला तिथं उभं राहून दिसत होतं. पण गुळव्याला हंगामात घरी बस म्हणणं सोपं नाही. गुळव्या नसेल तर काहील बंद, काहील बंद तर घाणा बंद, आणि त्या गुऱ्हाळावर ऊस घालणारे पंधरा-वीस शेतकरी अडकणार. मी मालकांशी बोलले. ते आधी वैतागले, मग विचारात पडले. तोडगा त्यांनीच काढला. माझ्या डोक्यात तो आला नसता. आबांचं कसब डोळ्यांत आणि बोटांत आहे, पायांत नाही. ढवळायला पुतण्या आणि आबांना बसायला उंच स्टूल, चुलवाणापासून चार हात लांब, जिथून काहिलीचा रंग आणि बुडबुडे दिसतात. गोळी बघायला पाण्याचं भांडं स्टुलाजवळ आणून द्यायचं.

“बसून गूळ?” आबांना हे पटत नव्हतं. “लोकं हसतील.”

“अंगठा गेल्यावर हसण्यापेक्षा आत्ता हसूंदे,” काकी म्हणाल्या. “मी सांगतो त्यांनला. मी रोज येऊन बसतो तिथं, बघू कोण हसतोय ते.”

डिसेंबरच्या मध्याला प्लास्टर घातलं. गुळाजवळ प्लास्टर चालतं का, यावर गुऱ्हाळात थोडी चर्चा झाली म्हणे. ते पायताण नव्हे, औषध आहे, असा निकाल लागला. पहिलं प्लास्टर तिसऱ्याच दिवशी बदललं. सूज उतरली की आत पाय हलायला लागतो आणि प्लास्टरच नवी जखम करतं. त्यानंतर दर आठवड्याला. पहिल्या आठवड्याअखेर जखम ३.४ चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याअखेर २.३. चार आठवड्यांत हललं नव्हतं ते दोन आठवड्यांत अर्ध्याहून कमी झालं, तेही त्याच फोमवर, त्याच सलाइनवर. फाइलीतलं ते वाक्य मी खोडलं नाही, कारण फाइलीत खोडाखोड करायची नसते. त्याखाली तारीख घालून लिहिलं : ‘वरील संशय चुकीचा होता. कामाच्या ठिकाणी अनवाणी राहणे ही तेथील रीत आहे, पेशंटला त्याबद्दल विचारले गेले नव्हते.’

इथं सगळं सुरळीत झालं असतं, पण तिसऱ्या आठवड्यात काकींनी उजव्या पायाकडे बोट दाखवलं. करंगळीच्या बाजूला पाण्यानं भरलेला फोड. चूक माझी. प्लास्टरमुळे डावा पाय दीड-दोन सेंटिमीटर उंच होतो, माणूस कलतो आणि उजव्या कडेवर जास्त भार घेतो. उजव्या सँडलखाली तेवढाच थर लावायचा असतो, हे मी स्वतः मुलींना शिकवते. आबांच्या वेळी प्लास्टरच्या आनंदात राहून गेलं. फोड लहान होता, फुटला नव्हता, आठ दिवसांत जिरला. उजव्या सँडलला थर त्याच दिवशी लावून घेतला.

सातव्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, प्लास्टर कापलं तेव्हा जखमेच्या जागी गुलाबी, पातळ कातडी होती. दोन आठवड्यांनी परत पाहिलं, तशीच. मगच फाइलीत ‘भरली’ लिहिलं. मार्चमध्ये एचबीए१सी ८.१. आणखी खाली यायला हवं, पण आबांनी गोळी तोंडात टाकायची सोडली होती. पूर्ण नाही, काकींच्या मते “दिसाला एक तरी जातीयाच”.

रुग्णालयात या प्रकरणानं एकच बदल झाला, आणि तो मुंग्या बघितलेल्या त्या ज्युनियर सिस्टरनं सुचवला. मधुमेही पेशंटच्या केस पेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्याखाली दोन प्रश्न आले : ‘दिवसभर पाय कुठे असतात?’ आणि ‘अनवाणी कधी-कधी असता?’ पहिला महिना सगळ्यांनी डोळे झाकून ‘घरी’ आणि ‘नाही’ लिहिलं. मग मी सकाळच्या राउंडला दोन-दोन मुलींना सोबत घेऊन, त्यांच्यादेखत तेच प्रश्न परत विचारू लागले. ‘नोकरी’ लिहिलेला एक जण शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं पातळ तळाचे बूट घालून उभा असायचा. ‘निवृत्त’ लिहिलेले एक वस्ताद रोज पहाटे तालमीच्या लाल मातीत. एक आजी बंबातलं पाणी कढत झालंय का ते पाय घालून बघायच्या. ही माहिती कुठल्या रक्ततपासणीत येत नाही. डॉक्टरांकडं एका पेशंटला सहा-सात मिनिटं असतात, त्यात ती निघणारही नाही. म्हणून हे काम सिस्टरचं.

एप्रिलमध्ये आबा ठरल्या दिवसाच्या आधीच आले. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, आणि पाय वाचला तर अनवाणी डोंगर चढीन असा त्यांनी देवाला शब्द दिला होता. हे मला ते महिनाभर सांगत नव्हते. भरलेली जखम एका वर्षात पुन्हा फुटायचं प्रमाण जवळपास ४० टक्के असतं, आणि यांना तापलेल्या कातळावरून अनवाणी जायचंय. मी आधी चिडले. मग गुऱ्हाळातल्या पायताणांची रांग आठवली आणि चिडणं गिळलं.

“शब्द नेमका काय दिलाय, आबा? कुठून कुठपर्यंत?”

असं कोणी विचारेल हे त्यांना अपेक्षित नसावं. विचार करून म्हणाले, “डोंगर चढीन म्हटलोय. कुठनं ते न्हाई म्हटलो.”

मग दोघांनी मिळून ठरवलं. वाडी रत्नागिरीपर्यंत एसटीनं. यात्रेच्या मुख्य दिवशी नाही, दोन दिवस आधी, पहाटे, दगड गार असताना. पायरीपर्यंत सँडल आणि शेवटच्या पायऱ्यांना जाड, पांढरे सुती मोजे. पांढरेच, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. मोजे पायताणात मोडतात का, हे आबांनी गुरवाला विचारून घेतलं. मोडत नाहीत.

परत आल्यावर थेट माझ्याकडं आले. मोजे काढले आणि मी हबकले. दोन्ही तळवे गुलाबी. मोजे पांढरे ठेवायची माझी हुशारी तिथल्या गुलालानं पार पुसून टाकली होती. लाली कुठली आणि गुलाल कुठला, डोळ्यांना कळेना. त्वचेचं तापमान मोजायचा थर्मामीटर घेतला. दोन पायांच्या एकाच जागेत दोन अंशांहून जास्त फरक पडला तर आत काहीतरी सुरू झालंय असं धरतो. डावा चवडा ३१.४, उजवा ३१.१. मग कोमट पाण्यात पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेनं. पाणी तीनदा बदललं. डाव्या टाचेवर एक रेघ तेवढी निघेना. भिंग लावून बघितलं, तर टाचेच्या भेगेत अडकलेला गुलाल.

“ऱ्हाऊंदे की तेवढा,” आबा म्हणाले.

भेग राहू देता येत नव्हती. गुलाल काढला, भेगेला मलम लावलं आणि पुढची तारीख लिहून दिली.